कोश्च्युश्को स्क्वाड्रनचं चिन्ह, दोन फुटी, हाताने रंगवलेलं: कामाच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

दुकान उघडायच्या आधीच चार पोरं दारात. इंजिनिअरिंगची, मॉडेल विमानं उडवायचा नाद असलेली. वळिवड्याच्या पोलिश छावणीवर त्यांना छोटं प्रदर्शन मांडायचंय, १६ फेब्रुवारीला. दारावर लावायला एका पोलिश विमानतुकडीचं गोल चिन्ह हवंय. फ्लेक्स नको, हाताने रंगवलेलं. हे वाक्य ऐकून किती वर्षं झाली! घासाघीस न करता ३,५०० रुपयांना हो म्हणालो आणि वर स्वतःच सांगून बसलो, तीन दिवसांचं काम.

छावणीचं कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी दोन ओळी: सायबेरिया, कझाकस्तानात हाकलले गेलेले पोलिश लोक इराणमार्गे इकडे आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे ५,००० जण राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पुढे तिथेच फाळणीत आलेले सिंधी वसले, ते आजचं गांधीनगर. आपण कापड घ्यायला जातो ते. छावणीतल्या कितीतरी बायकांचे नवरे, भाऊ पोलिश फौजेत होते. म्हणून पोरांना विमानांचा कोपराही ठेवायचाय.

तुकडीचं नाव कोश्च्युश्को स्क्वाड्रन. फळीवर नाव लिहायचं नाहीये हे ऐकून बरं वाटलं.

नमुना म्हणून हातात आली ती जुन्या कृष्णधवल फोटोची झेरॉक्स. काठाने तारे, मध्ये उभे पट्टे, त्यावर टोपी, टोपीमागे फुली मारलेली दोन हत्यारं. रंगांचं विचारलं तर म्हणाले, "काका, अमेरिकेच्या झेंड्याचे तारे-पट्टे आहेत ते." मी मान डोलावली. तिथेच पुढच्या दोन दिवसांचं नुकसान झालं होतं, कळलं नंतर.

शनिवार, ११ जानेवारी

१२ मिलिमीटरचा प्लाय, दोन फूट बाय दोन फूट, ५२० रुपये. खिळा, सुतळी, पेन्सिल घेऊन वर्तुळ मारलं. जिगसॉने कापलं, दारात उभं करून पाहिलं तर डोळ्याला खटकतंय. मापलं तर आडवं ६०६, उभं ६०१. सुतळी ताणली जाते, खिळ्याला वेटाळते, त्यातून हे होतं. चाळीस वर्षांपूर्वी उस्तादांनी सांगितलेलं, सुतळीने मांडवाचं वर्तुळ काढ, बोर्डाचं नको.

मग लाकडी पट्टीला दोन भोकं पाडली, एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल, अंतर बरोबर ३००. पुन्हा कापून ६०० वर आणलं. नवा प्लाय लागला नाही, पण अर्धा दिवस गेला. कडेला एका ठिकाणी प्लायच्या पोटात पोकळी निघाली. लांबी (पुट्टी) भरली, घासली, प्रायमरचा एक हात दिला.

रविवार, १२ जानेवारी

आजचा दिवस तेराने खाल्ला.

तारे तेरा, पट्टे तेरा. १७७६ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकेतल्या तेरा वसाहती त्या. हाताला सवय घड्याळाच्या डायलची, त्यामुळे पहिल्या आखणीत सरळ बारा तारे आले. बाराचं वर्तुळ कर्कटकाने डोळे मिटून जमतं. तेराचं तसं नाही.

३६० भागिले १३ म्हणजे २७.६९. कोनमापकावर ते कुठे दिसणार? २८ धरून चाललो. तेरा वेळा २८ म्हणजे ३६४. वरचे चार अंश शेवटच्या ताऱ्यावर बसले आणि तो पहिल्याच्या अंगावर जवळजवळ १८ मिलिमीटर सरकला.

कोनमापक बाजूला ठेवा. ताऱ्यांचे मध्य ज्या वर्तुळावर घ्यायचे त्याची त्रिज्या मी २५५ ठेवली. तिला ०.४७८६ ने गुणलं की १२२ येतात. डिव्हायडर १२२ वर घट्ट करून तेरा पावलं चालत जायचं. फेरी संपताना माझी चूक पाऊण मिलिमीटरच्या आत होती. दुसऱ्या मापाची फळी असेल तरी गुणायचा आकडा हाच.

पट्ट्यांची युक्ती सोपी आहे. आतलं वर्तुळ आधी ठरवून मग तेराने भागत बसू नका. पट्टा ठरवा. मी ३२ चा धरला, तेरा गुणिले ३२ म्हणजे ४१६, तोच आतल्या वर्तुळाचा व्यास. सात तांबडे, सहा पांढरे. तांबडा-पांढरा म्हटल्यावर कोल्हापुरात वेगळंच काही आठवतं, आणि दुपारचे दोन वाजले होते. तिथे काम थांबलं.

शनिवार, १८ जानेवारी

मधे संक्रांत, शिवाय एका शाळेचं फळ्याचं काम.

पूर्ण फळीला गुरुवारी आणि शुक्रवारी पांढऱ्या एनॅमलचे दोन हात दिले होते. पांढरा आधी सगळीकडे, तांबडा त्यावर. उलटं केलंत तर तांबडा पांढऱ्यातून गुलाबी होऊन फुटतो, मग कितीही हात द्या. एवढं बरोबर केलं. चुकलो ते घाईत. दुसरा हात देऊन वीस तास झाले होते, बोटाला कोरडा लागत होता, म्हणून मास्किंग टेप लावली. जानेवारीची थंडी, रंग वरून वाळलेला, आतून ओला. तांबडा मारून टेप ओढली तर तीन पट्ट्यांवर टेपेबरोबर पांढऱ्याची सालं निघाली.

घासून पुन्हा पांढरा. या दिवसांत दोन हातांत दोन पूर्ण दिवस सोडा. टेप लावल्यावर कडेने आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात फिरवायचा म्हणजे टेपेखालची फट बुजते, मग तांबडा. असं केलेल्या शेवटच्या चार पट्ट्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या आल्या.

काठाचं वलय गडद निळं मारून ठेवलं. त्यावर पांढरे तारे येतील, अमेरिकेच्या झेंड्यासारखे.

रविवार, १९ जानेवारी

टोपी.

झेरॉक्सवरून काढली. मुलगा येऊन म्हणाला, "पदवीदानाची आहे काय?" खरंच तशी दिसत होती, वर सपाट चौकोनी फळी. पोरांपैकी एकाला फोन लावला. त्याने सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण त्याच्यानंतरच हात सुटला.

ही पोलंडच्या क्राकूव भागातल्या शेतकऱ्याची टोपी. तांबड्या कापडाची, वर चार कोपरे, खाली काळ्या लोकरीची कड. कोश्च्युश्को हा पोलिश लष्करी इंजिनिअर. १७७६ मध्ये आपणहून अमेरिकेला गेला, साराटोगाच्या लढाईसाठी मोर्चे बांधले, वेस्ट पॉइंटची तटबंदी केली. परत येऊन १७९४ मध्ये रशियाविरुद्ध उठाव केला. त्या वर्षी ४ एप्रिलला रात्स्लावित्से इथे त्याच्या सैन्यातले शेतकरी रशियन तोफांवर धावून गेले आणि तोफा घेतल्या. बार्तोश ग्वोवात्स्की नावाच्या शेतकऱ्याने पेटत्या वातीवर आपली टोपी दाबून तोफ विझवली, अशी गोष्ट पोलंडमध्ये पोराटोरांना पाठ असते. लढाईनंतर कोश्च्युश्कोने स्वतः शेतकऱ्याचा अंगरखा घातला.

वात विझवायला दाबली ती टोपी कडक पुठ्ठ्याची कशी असेल? तिथे माझी फळी मोडली. बायकोकडून तांबडा ब्लाउजपीस मागितला, चार कोपरे टाचले, तांब्यावर ठेवला. पुढचा कोपरा थोडा लवतो, बाजूचे दोन ताठ राहतात, मागचा दिसतच नाही. बघून काढली, पंधरा मिनिटांत आली. आधीचे दोन तास खोडरबरात गेले होते. ब्लाउजपीसला पेन्सिलीचा डाग पडला त्याचा हिशेब या नोंदीत नाही.

एक अडचण उरली. तेरा पट्ट्यांतला मधला, म्हणजे सातवा, तांबडा. टोपीही तांबडी. लांबून टोपी गायब. टोपी ६ मिलिमीटर एमडीएफची कापून वर चिकटवायचं ठरवलं, म्हणजे तिची सावली पडेल. भोवती काळी रेघ, जाडी ४. रेघ बारीक ठेवायचा मोह होतो. दारावर दहा फुटांवरून बघायचंय हे विसरू नका.

शनिवार, २५ जानेवारी

आजची चूक या कामातली सगळ्यात मोठी.

टोपीमागची हत्यारं झेरॉक्समध्ये धूसर होती. वाकडं पातं, लाकडी दांडा. शेतकरी म्हणजे विळा. मी एमडीएफचे दोन झकास विळे कापले, मुठीला कडंसुद्धा काढलं, फुली जुळवली. पोरं बघायला आली. तिघं वा वा म्हणाली. चौथी मुलगी गप्प. मग म्हणाली, "काका, हे ज्यांच्याशी लढले त्यांचंच चिन्ह झालंय."

तिने बसून सांगितलं. ही तुकडी म्हणजे पोलंडच्या हवाई दलाची ७ वी. १९१९ मध्ये अमेरिकन स्वयंसेवक वैमानिक तिच्यात आले. जमवाजमव केली मेरियन कूपरने, पहिला अमेरिकन कमांडर सेड्रिक फाँटलरॉय. कूपरचा एक पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पुलास्की या दुसऱ्या पोलिश स्वयंसेवकाच्या हाताखाली लढला होता. पुलास्की तिथेच, १७७९ मध्ये सव्हानाला जखमी होऊन गेला. तेव्हा दोन पोलिश गडी आमच्यासाठी आले, आता आम्ही जातो, असा हा सरळ हिशेब. चिन्ह काढलं त्यांच्यातल्याच एलियट चेस या टेक्सासच्या वैमानिकाने. तारे-पट्टे अमेरिकेचे, टोपी आणि हत्यारं कोश्च्युश्कोच्या शेतकऱ्यांची. आणि लढाई कुणाशी? बोल्शेविक रशियाशी. त्यांनी विळा-हातोडा १९१८ मध्येच घेतला होता. ऑगस्ट १९२० मध्ये ल्वूवजवळ बुद्योनी या बोल्शेविक सेनापतीच्या घोडदळावर ही विमानं अगदी खाली उतरून गोळ्या झाडत होती. कूपर त्याआधी जुलैत पाडला गेला, कैद झाला, पुढच्या वर्षी पळून लाटव्हियात पोचला.

आणि मी त्या टोपीमागे दोन विळे खोचून बसलो होतो.

१४० रुपयांचा एमडीएफ गेला. विळे टाकले नाहीत, भिंतीला टांगलेत.

सोमवार, २७ जानेवारी

मग ते हत्यार काय? आपल्याकडे ते नाही, त्यामुळे त्याला शब्दही नाही. युरोपात गवत आणि धान्य कापायला उभ्याने चालवायचं अवजार असतं. माणसापेक्षा थोडा कमी उंचीचा दांडा, टोकाला काटकोनात आडवं लांब पातं. वाकायचं नाही, कमरेतून झोका द्यायचा. फोनवर चित्र पाहिलं तरी चिन्हातल्याशी जुळेना. चिन्हात पातं आडवं नाहीच, दांड्याच्या रेषेत वर गेलेलं.

गावाबाहेर एक लोहारमामा आहेत, बोर्डांच्या लोखंडी चौकटी त्यांच्याकडूनच घेतो. त्यांना दोन्ही चित्रं दाखवली.

मामांनी फोन लांब धरून पाहिलं. "ह्ये येकच पातं हाय की, पेंटर."

"एकच कसं? एक आडवं, एक उभं."

"पातं तेच. बूड वळवलंय." पट्टीचा एक तुकडा भट्टीत सारला, तांबडा होईपर्यंत भाता मारला. ऐरणीवर टोकाला काटकोन केला. "ही झाली कापणीची. आता ह्याला मारामारीला न्यायचं." पुन्हा तापवला, चार घाव घातले, काटकोन सरळ. "पात्याला हात लावायचा न्हाई, धार जाती. नुसतं बूड तापवायचं, सरळ करायचं, दांड्यावर कडी ठोकायची. येका माणसाचं काम अर्ध्या घटकंचं."

"किती माणसं होती?" मामांनी विचारलं.

दोन हजारांच्या आसपास, मी सांगितलं.

"मग लोहार किती लागलं असतील," असं म्हणून ते पट्टी पाण्यात घालायला वळले. पैसे घेतले नाहीत. चहाचे ४० माझ्याकडून.

घरी येऊन नवी पाती काढली, तीस मिनिटांत. आता कळत होतं कुठे काय आहे: पात्याचा बाक तसाच ठेवायचा, पण जिथे ते दांड्याला भेटतं तिथे बाक नको. तिथे सरळ जोड आणि दोन कडी. कडी मी राखाडीने रंगवली, वर पांढऱ्याची बारीक चमक. ज्यांना हे चिन्ह करायचंय त्यांनी एवढी जागा सांभाळा. तिथे बाक आला की लांबून विळाच दिसतो.

शनिवार, १ फेब्रुवारी

त्या मुलीने रंगीत चित्र पाठवलं. काठाचे तारे निळे आहेत, पांढऱ्यावर. माझं वलय निळं, त्यावर तेरा पांढरे तारे, आणि ते मी दोन संध्याकाळी बसून एकेक रंगवलेले.

थोडा वेळ काही बोललो नाही. मग विचार केला, सांगायचं का, की असंच चालतं? कुणाला कळलं असतं? पण विळ्यांच्या वेळीही तीच एकटी बोलली होती.

निळ्यावर सरळ पांढरा मारायचा प्रयत्न करून पाहिला. तीन हात दिले तरी मागून आभाळ दिसतंय. शेवटी पेंट रिमूव्हर, १९० रुपये. ब्रशने लावा, दहा मिनिटांनी रंग सुरकुततो, पटाशीने खरवडा. आतल्या पट्ट्यांवर थेंब जाऊ नये म्हणून ओल्या फडक्याची गुंडाळी कडेने लावली, तरी एका तांबड्या पट्ट्याला चाटून गेलाच. हातमोजे घाला. मी घातले नव्हते, दोन दिवस बोटं चुरचुरत होती.

पुन्हा प्रायमर, दोन हात पांढरा, दोन्हीमध्ये दोन-दोन दिवस. ताऱ्यांचे मध्य खरवडण्यात गेले होते, पण डिव्हायडर अजून १२२ वर घट्ट होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

निळे तारे झाले. या वेळी एका ताऱ्याचा स्टेन्सिल कापून तेरा वेळा फिरवला. एक टोक नेहमी बाहेरच्या काठाकडे. आधीच्या फेरीत सगळ्यांची टोकं वर ठेवली होती, त्यामुळे खालचे तारे मध्याकडे टोक रोखून उभे होते.

पोरांत वाद. एकाला खाली मोठा ३०३ हवा, कारण लोक ओळखतात तो आकडा. बरोबर आहे. २ ऑगस्ट १९४० ला लंडनजवळ नॉर्थोल्टला ३०३ क्रमांकाची पोलिश स्क्वाड्रन उभी राहिली आणि हेच चिन्ह तिने हरिकेन विमानांवर घेतलं. सहा आठवड्यांत १२६ जर्मन विमानं पाडल्याचा तिचा दावा होता, नंतरच्या मोजदादीत आकडा बराच खाली आला, तरी हरिकेनच्या तुकड्यांत ती पुढेच. तिच्यातला सगळ्यात जास्त विमानं पाडणारा योसेफ फ्रांतिशेक तर पोलिशही नव्हता, चेक होता.

मुलीचं म्हणणं, चिन्ह आकड्याच्या वीस वर्षं आधीचं. ७ व्या तुकडीकडून ते वॉर्सातल्या १११ व्या तुकडीकडे गेलं, सप्टेंबर १९३९ मध्ये तिच्या विमानांवर होतं, तिथले वैमानिक इंग्लंडला पोचले आणि मग ३०३. आकडे बदलत गेले, टोपी आणि पाती तशीच. मला विचारलं तर मी म्हणालो, आकडा घालायला जागा नाही. जागा होती. पण मलाही तो नको होता. चार दिवस डोळ्यासमोर टोपी आणि पाती ठेवल्यावर खाली आकडा आला की ते गाडीच्या नंबरप्लेटसारखं दिसतं.

आकडा वेगळ्या पट्टीवर, खाली, सुटा. नको तेव्हा काढता येतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

टोपी आणि पाती फेव्हिकॉल लावून मागून स्क्रूने धरली. आधी पाती, वर टोपी. स्क्रू १५ मिलिमीटरचेच घ्या. १२ चा प्लाय आणि ६ चा एमडीएफ मिळून १८ होतात, २० चा स्क्रू पुढून टोक काढतो. माझ्या एका पात्यातून निघालं, घासून लांबी भरली, रंग लावला. उजवीकडचं, बघितलंत तर सापडेल.

हिशेब: प्लाय ५२०, एमडीएफ दोनदा मिळून २८०, प्रायमर-लांबी-पॉलिश पेपर ३१०, रंग ४८०, टेप दोन रोल १३०, रिमूव्हर १९०, बारीक ब्रश १६०, स्क्रू आणि टांगायची पट्टी ९०, चहा ४०. एकूण २,२००. त्यातले विळ्यांचे १४०, रिमूव्हरचे १९० आणि टेपेचा एक रोल ६५ असे ३९५ निव्वळ माझ्या चुकांचे. वेळ ४१ तास. मजुरी उरली १,३००, म्हणजे तासाला बत्तीस रुपये.

संध्याकाळी पोरं टेम्पो घेऊन आली. फळी गोधडीत गुंडाळली. त्या मुलीने भिंतीवरचे दोन विळे मागितले, प्रदर्शनात ठेवायला, खाली "हे चुकीचं" अशी चिठ्ठी लावून. दिले. चिठ्ठीतलं अक्षर मात्र मी काढून दिलं, तिचं फार गिचमिड होतं.

टेम्पो निघाल्यावर आठवलं, लोहारमामांना बघायला बोलवायचं राहिलं. उद्या सकाळी नऊला गाडीवर मागे बसवून नेतो.